‘कावळ्यां’वरची पेन्सिल पुसू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत युद्धकाळातली भित्तिपत्रकं जमवण्याच्या छंदावर पानभर लेख आला. या विषयाला कुणी पानभर जागा दिली याचाच मला आधी आनंद झाला. लेखाखालची चौकट वाचेपर्यंत तो टिकला. जुन्या पोस्टरवरचे डाग, शिक्के आणि पेन्सिलीच्या खुणा काढून घ्याव्यात, मग लॅमिनेशन करून चांगल्या फ्रेममध्ये लावावं, म्हणजे किंमत वाढते, असा सल्ला त्या चौकटीत आहे. सिनेमाच्या किंवा सर्कशीच्या पोस्टरांना तो कितपत लागू पडतो, मला ठाऊक नाही. पण लेखासोबत चित्र छापलंय ते विमानं ओळखण्याच्या तक्त्याचं, आणि त्या तक्त्यांच्या बाबतीत हा सल्ला म्हणजे दाखल्यावरचा शिक्का खोडून दाखला जपण्यासारखा आहे. म्हणून हे पत्र. लांबलंय याची कल्पना आहे. कापायचंच झालं तर मधलं काहीही कापा, पेन्सिलीबद्दलचं तेवढं ठेवा.

मी एकतीस वर्षं ड्रॉइंग ऑफिसात काढली. ट्रेसर (मूळ आराखडा पारदर्शक कागदावर शाईने उतरवणारी) म्हणून लागले आणि ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त झाले (बाई असले तरी हुद्दा ‘मन’चाच होता). गेली बावीस वर्षं दुसऱ्या महायुद्धातले विमान-ओळखीचे तक्ते जमवते आहे. आज चौसष्ट आहेत, बहुतेक ब्रिटिश आणि अमेरिकन. फिकट कागदावर काळ्याकुट्ट आकृत्यांच्या रांगा असतात, त्यामुळे घरात त्यांना ‘आईचे कावळे’ म्हणतात. पाहुणे आले की सून आधीच सांगून टाकते, “घाबरू नका, ती विमानं आहेत.”

मला ओढ लागली ती विमानांची नव्हे, रेषेची. जुन्या नकाशांचं एक भेंडोळं मी लिलावात घेतलं होतं. ते ज्या कागदात गुंडाळलेलं होतं, तोच माझा पहिला तक्ता. एकाच विमानाची तीन दृश्यं होती, समोरून, बाजूने आणि खालून. आयुष्यभर मी हेच करत आले होते, फक्त गिअरबॉक्सच्या झाकणांचं. आमच्याकडे प्लॅन म्हणजे वरून पाहिलेलं. इथे प्लॅन खालून, कारण बघणारा माणूस जमिनीवर मान वर करून उभा आहे. आत एकही रेघ नाही, नुसती कड. का, ते मला नंतर उमगलं. उजळ आकाशासमोर विमान दिसतं ते काळंच. रंग दिसत नाही, निशाणी दिसत नाही, दिसते ती फक्त कड. तेव्हा ज्याने ती कड काढली, त्याचा फ्रेंच कर्व्ह (वळणदार रेषा काढायची पट्टी) केसभर जरी सरकला, तरी खाली उभ्या असलेल्या तोफवाल्याला चूक शिकवली गेली.

लेखात या तक्त्यांना ‘प्रचाराची साधनं’ म्हटलंय, तेही मला पटलं नाही. प्रचाराचं पोस्टर माणसाला काय वाटावं ते सांगतं. हा तक्ता काय दिसतंय ते सांगतो. पहिल्या महायुद्धात, जर्मन झेपलिनांनी जानेवारी १९१५मध्ये इंग्लंडवर बॉम्ब टाकल्यावर, तिथल्या सरकारने जनतेसाठी असं एक पत्रक काढलं. त्यात आपली आणि शत्रूची हवाई जहाजं आणि विमानं काळ्या आकृत्यांत शेजारी शेजारी दाखवली होती. आपलं असेल तर घाबरू नका, परकं असेल तर आडोसा धरा, एवढाच त्याचा मजकूर. (हे १९१५चं पत्रक आजवर इतक्या वेळा पुन्हा छापलं गेलंय, की कुणी ‘अस्सल’ म्हणून दाखवलं तर मी आधी भिंग काढते, मग बोलते.)

दुसऱ्या महायुद्धात या कडेची किंमत पहिल्याच आठवड्यात कळली. ब्रिटनने ३ सप्टेंबर १९३९ला युद्ध पुकारलं आणि ६ तारखेला ब्रिटिश स्पिटफायरांनी आपल्याच दोन हरिकेन विमानांना जर्मन समजून पाडलं. त्यातला एक वैमानिक गेला. पुढे टायफून हे नवं ब्रिटिश लढाऊ विमान आलं, ते जर्मन फॉकवुल्फ १९०सारखं दिसे, म्हणून १९४२च्या अखेरीस त्याच्या पंखांखाली काळे-पांढरे पट्टे मारावे लागले. सगळ्यांत वाईट झालं ते सिसिलीत. ११ जुलै १९४३च्या रात्री छत्रीधारी सैनिक घेऊन आलेल्या १४४ अमेरिकन विमानांपैकी २३ विमानं दोस्त राष्ट्रांच्याच तोफांनी पाडली. ती रात्र होती, गोंधळ होता, थोड्याच वेळापूर्वी खरे जर्मन हल्ले होऊन गेले होते. अशा वेळी तक्ता काय करणार, असं कुणी म्हणेल, आणि ते खरंही आहे. म्हणूनच पुढच्या वर्षी नॉर्मंडीच्या चढाईआधी दोस्तांच्या विमानांवर तीन पांढरे आणि दोन काळे असे रुंद पट्टे रंगवले गेले. पण नुसत्या पट्ट्यांवर तेव्हाही भिस्त ठेवली नाही. ब्रिटिश निरीक्षक दलातले जवळजवळ ८०० स्वयंसेवक जहाजांवर चढवले गेले, ते कुठलं विमान आपलं आणि कुठलं परकं एवढंच तोफवाल्यांना सांगायला. वर्षानुवर्षं माळावरच्या चौकीत उभं राहून ज्यांनी हे काळे आकार डोळ्यांत मुरवले होते, अशी ती माणसं.

शिकवण्याच्या पद्धतीही वेगवेगळ्या होत्या. पंख, इंजिन, धड आणि शेपूट अशा क्रमाने बघायला शिकवत. इंग्रजीत या चार शब्दांच्या आद्याक्षरांचा एक शब्द होई, आणि सैनिकांनी त्याचा लावलेला अर्थ इथे छापण्याजोगा नाही. भावार्थ एवढाच की दर वेळी चूक! अमेरिकेत रेनशॉ नावाच्या मानसशास्त्रज्ञाने तुकड्यातुकड्यांनी बघण्याऐवजी अख्खा आकार एकदम टिपायला शिकवलं. पडद्यावर विमान सेकंदाच्या शंभराव्या भागापुरतं चमकवायचं आणि नाव विचारायचं. १९४२मध्ये अमेरिकन नौदलाने शाळकरी मुलांकडून पाच लाख लाकडी विमानं मागवली, मूळ मापाच्या बहात्तराव्या हिश्शाची, काळी रंगवलेली. असं विमान पस्तीस फुटांवर धरलं की खरं विमान साधारण अर्ध्या मैलावर जेवढं दिसतं तेवढं दिसतं. पस्तीस गुणिले बहात्तर, हिशेब करून बघा.

आता पेन्सिलीकडे येते.

माझ्या संग्रहात जपानी विमानांचा एक अमेरिकन तक्ता आहे. बाजारात त्याला मोल नाही. डावा खालचा कोपरा गेलेला, मधोमध घडीची चीर, चारही बाजूंना गंजक्या टाचण्यांची भोकं. भोकं मी मोजली, उरलेल्या प्रत्येक कोपऱ्यात चार. म्हणजे हा तक्ता चार वेळा काढून चार ठिकाणी लावला गेला. तिसऱ्या ओळीत एक लढाऊ विमान आहे, पंखांची टोकं कापल्यासारखी चौकोनी. त्याखाली रोमन लिपीत छापलंय ‘हॅप’.

जपानी विमानांची खरी नावं लक्षात ठेवणं कठीण म्हणून दोस्तांनी १९४२च्या उत्तरार्धात त्यांना टोपणनावं दिली. लढाऊ विमानांना पुरुषांची, बॉम्बफेकींना बायकांची. (ड्रॉइंग ऑफिसात मशीनना नावं ठेवायचो, त्यातही वजनदार ते बाईच्याच नावाने. असो.) प्रसिद्ध ‘झिरो’ झालं ‘झीक’. मग चौकोनी टोकांचं एक विमान दिसू लागलं. ते वेगळंच आहे असं वाटून त्याला ‘हॅप’ नाव दिलं गेलं. झालं काय, की अमेरिकन लष्करी हवाई दलाचे प्रमुख जनरल अरनॉल्ड यांचं टोपणनाव हेच होतं. शत्रूच्या विमानाला आपलं नाव हे काही त्यांना रुचलं नाही. मग नावात एक अक्षर घालून ‘हॅप’चं ‘हॅम्प’ करण्यात आलं. पुढे शोध लागला, की हे वेगळं विमानच नाही, झिरोचीच पंख छाटलेली आवृत्ती आहे. तेव्हा ते नावही गेलं आणि ‘झीक ३२’ आलं.

माझ्या तक्त्यावर छापलेल्या ‘हॅप’मध्ये ए आणि पी या अक्षरांच्या मधोमध, खालून काकपद करून, कुणीतरी पेन्सिलीने एम घुसवला आहे. नीट, उभ्या रेघांचा, आखणीची सवय असलेल्या हाताचा. आणि त्या सगळ्यावर दुसऱ्याच हाताने, घाईत, जाड पेन्सिलीने एक तिरकी काट मारून बाजूला ‘झीक ३२’ लिहिलंय. एका वीतभर जागेत तीन वेळा बदललेलं ज्ञान. छापखान्याने पहिलं सांगितलं, पुढची दोन दोन माणसांनी भिंतीपाशी उभं राहून लिहिली. मला पहिला हात फार आवडतो. दुसऱ्याची काट बघून मात्र अजून हात शिवशिवतो, आमचे चेकर (आराखडे तपासणारे) असते तर त्यांनी तक्ता परत पाठवला असता.

हा तक्ता आपल्या लेखातल्या सल्ल्याप्रमाणे ‘स्वच्छ’ केला तर उरेल काय? छापील ‘हॅप’. म्हणजे काही महिन्यांतच जी चूक ठरली, तेवढीच.

दुसरं उदाहरण ब्रिटिश तक्त्याचं. त्यात जर्मन लढाऊ विमानांत ‘हाइन्केल ११३’ आहे. रुबाबदार आकार, आखीव पंख. पण असं लढाऊ विमान कुठल्याही तुकडीत नव्हतंच. हाइन्केल कंपनीने ‘१००’ क्रमांकाचं एक वेगवान विमान केलं होतं, ते जर्मन हवाई दलाने स्वीकारलं नाही. त्याच्या डी-१ प्रकारातली जी डझनभर तयार झाली, त्यांच्यावर वेगवेगळ्या तुकड्यांच्या खोट्या खुणा रंगवून १९४०मध्ये फोटो काढले गेले आणि नवं विमान दलात दाखल झालं म्हणून प्रसिद्ध केले गेले. ब्रिटिशांनी ते खरं मानलं आणि ओळखीच्या साहित्यात घातलं. याहून गंमत म्हणजे ब्रिटिश वैमानिकांनी त्याच्याशी हवेत झुंजल्याचे अहवाल दिले! शिकवलं तेच दिसतं, ते असं. लेखकमहोदय, प्रचार म्हणायचाच तर तो हा. पण तो जर्मनांनी केलेला, आणि ब्रिटिशांच्या तक्त्यात नकळत शिरलेला. माझ्या प्रतीवर त्या आकृतीशेजारी पेन्सिलीने एक बारीक प्रश्नचिन्ह आहे. कुणी केलं, केव्हा केलं, काही पत्ता नाही. युद्धानंतर कुणा जाणत्याने केलं असणंही शक्य आहे. तरी मी ते खोडरबराला दाखवणार नाही.

हे शहाणपण मला आधीपासून होतं असं नाही. सुरुवातीला माझ्या संग्रहातला दुसराच तक्ता मी एका फ्रेमवाल्याकडे दिला. त्याचं नाव सांगत नाही, कारण त्याने मी सांगितलं तेच केलं. त्याने तो प्लायवूडवर चिकटवला, वर लॅमिनेशन मारलं, कडा कापून काटकोनात आणल्या. दिसतो छान. पण कडेसोबत तळाची बारीक अक्षरांची ओळ गेली, आणि मागच्या बाजूला पेन्सिलीने कुणाची तरी चार नावं आणि रात्रीच्या पाळ्यांचे तास लिहिलेले होते, ते कायमचे प्लायला चिकटले. मी त्याची नक्कलही करून ठेवली नव्हती. ट्रेसर असून! आता लॅमिनेशनखाली कागद तपकिरी पडत चाललाय आणि मला नुसतं बघत राहावं लागतं.

तळाची ती ओळ किती बोलते, हे लेखात यायला हवं होतं. ब्रिटिश सरकारी छपाईत तिथे ऑर्डरचा क्रमांक, किती प्रती काढल्या आणि कुठल्या महिन्यात-वर्षात, हे सगळं मुंगीएवढ्या अक्षरांत असतं. आकड्यापुढचा एम म्हणजे हजार. चौकटीत बसत नाही म्हणून लोक नेमकी हीच पट्टी कापतात.

ती पट्टी नसली, तरी अमेरिकन तक्त्यावर विमानांची निशाणी छापलेली असेल तर तिच्यावरून काळ काढता येतो. निळ्या वर्तुळातला पांढरा तारा मधे लाल ठिपक्यासकट असेल, तर आकृती मे १९४२च्या आधीची. तो लाल ठिपका दुरून जपानी सूर्यासारखा दिसून आपलीच माणसं गोळ्या झाडतील, म्हणून तेव्हा काढून टाकला. (त्याच कारणाने भारत-ब्रह्मदेश आघाडीवरच्या ब्रिटिश आणि भारतीय वायुदलाच्या विमानांवरच्या वर्तुळातलाही लाल रंग गेला.) ताऱ्याच्या दोन्ही बाजूंना पांढरे आडवे पट्टे आणि भोवती लाल किनार असेल, तर जून १९४३नंतरची. तीच किनार निळी असेल, तर त्याच वर्षीच्या ऑगस्टनंतरची. आपल्या पुरवणीतल्या चित्रात पट्टे आहेत, किनार निळी आहे, आणि खाली ओळ छापली आहे ‘१९४२मधील दुर्मीळ पोस्टर’. कृपया दुरुस्ती करावी. विकणाऱ्याने तसं सांगितलं असेल, तर लेखकाने त्याच्याकडून पुढचं काही घेताना जपावं.

नकली ओळखायला दहापट मोठं दाखवणारं भिंग पुरतं. आजच्या छपाईत काळा भागसुद्धा चार रंगांच्या ठिपक्यांची जाळी असतो. मूळ तक्त्यात काळी शाई सपाट बसलेली असते. छटा असलीच तर एकाच शाईच्या ठिपक्यांची. पण सगळ्यांत सोपी परीक्षा डागाची. स्कॅन करून छापलेल्या नकलेत जुनेपणाचे पिवळे डागही छापलेलेच असतात, भिंगाखाली त्यांचेही ठिपके दिसतात. घडीची चीरही दिसते, पण बोट फिरवलं तर कागद गुळगुळीत. म्हणजे बघा, ज्या डागांना आपण हाकलायला निघालो, तेच अस्सलपणाची साक्ष देतात. एकदा मी स्वतःच फसले आहे. सुरेख तक्ता होता, चारही कोपऱ्यांना भोकं, आणि एकाही भोकाभोवती गंज नाही.

ठेवायचं कसं, याबद्दल थोडंच सांगते. तो युद्धकाळातला टंचाईचा कागद आहे, बहुधा हलक्या लगद्याचा, आम्लाने आतूनच ठिसूळ होणारा. आम्लविरहित कागदाच्या मोठ्या पाकिटात सपाट ठेवायचा, गुंडाळायचा नाही. ऊन नको, चिकटपट्टी तर अजिबात नको, तिचा गोंद कागदात उतरतो आणि निघत नाही. फाटलं असेल तर मागून जपानी पातळ कागद आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ लावून सांधायचं. गरज पडली तर ओलाव्याने तो सांधा पुन्हा सुटतो, त्याचं सगळं मोल त्या सुटण्यात आहे. धूळ मऊ ब्रशने झटका, फडकं फिरवू नका. आणि काहीही करण्याआधी पुढून-मागून फोटो घ्या, तिरक्या उजेडात एक जास्तीचा. पुसलेली पेन्सिलही कागदात दाबाची खूण ठेवते आणि ती तिरक्या उजेडातच दिसते.

भिंतीवर लावायला मला आवडत नाही असं नाही. पण भिंतीवर आहेत त्या माझ्या ट्रेसिंग. मूळ तक्त्यावर स्वच्छ पारदर्शक फिल्म, तिच्यावर ट्रेसिंग पेपर, हात अलगद, आणि एकेक कड शाईने. एका तक्त्याला तीन आठवडे लागतात. पेन्सिलीच्या खुणाही मी जशाच्या तशा उतरवते, ती तिरकी काटसुद्धा. नातू हे कावळे बघत बघतच स्टुका हे जर्मन बॉम्बफेकी विमान ओळखायला शिकला. स्टुकाचे पंख मोडके आणि चाकं बाहेर लोंबती, म्हणजे सोपंच ते. ब्रिटिश ब्लेनहाइम आणि जर्मन युंकर्स ८८मध्ये मात्र तो अजून गडबडतो. त्या काळी खरे वैमानिकही गडबडले होते, म्हणून मी त्याला काही बोलत नाही.

शेवटी लेखकमहोदयांना एक विनंती. आपल्याकडच्या तक्त्याच्या उजव्या समासातली ‘पेन्सिलीची गिचमीड’ काढून घेतल्याचं आपण लिहिलं आहे. काढण्यापूर्वी फोटो घेतला असेल, तर त्याची एक प्रत मला हवी आहे. घेतला नसेल, तर तक्ता अंधाऱ्या खोलीत आडवा ठेवून, टॉर्च अगदी कागदालगत धरून, समासाचा फोटो काढा. गिचमीड किती ओळींची होती, एवढं तरी कळेल. टपालखर्च मी देईन.

आपली,
एक निवृत्त ट्रेसर
(नाव व पत्ता कार्यालयाकडे दिला आहे.)